मेलेला गरुड, उपाशी अस्वल आणि तुमचा ग्रुप: हवामान बदल आणि वन्यजीवांचे फॉरवर्ड कसे तपासायचे

हवामान बदल आणि प्राणी या विषयावर ग्रुपमध्ये साधारण दोनच जातीचे फॉरवर्ड फिरतात. एकात बरगड्या वर आलेलं पांढरं अस्वल असतं आणि खाली लिहिलेलं असतं की अमुक सालापर्यंत सगळं संपणार. दुसऱ्यात पवनचक्कीखाली मरून पडलेला गरुड असतो आणि खाली "हीच का तुमची ग्रीन एनर्जी?" मग दोन पार्ट्या पडतात, दोनचार जण रुसतात, कोणीतरी ग्रुप सोडतं, आणि अस्वलाबद्दल किंवा गरुडाबद्दल कोणालाच काही नवीन कळत नाही.

यात गोची अशी की बहुतेक वेळा फोटो खरा असतो आणि आकडाही कुठल्यातरी धड अभ्यासातूनच आलेला असतो, त्यामुळे "फेक आहे" म्हणून उडवून लावता येत नाही. गडबड होते ती फोटोवरून थेट निष्कर्षावर उडी मारताना. कुठला प्राणी, कुठे, किती काळात, कशामुळे आणि कशाच्या तुलनेत, एवढं विचारलं की निम्मे फॉरवर्ड तिथेच गार पडतात. उरलेले खरे असतात आणि ते जास्त घाबरवणारे असतात, ते वेगळं. हे विचारायचं कसं आणि उत्तरं कुठे बघायची तेवढं खाली लिहितोय. मोबाईल आणि थोडा पेशन्स पुरतो, दरवेळी सगळं करायचीही गरज नाही.

आधी फोटो, पण तिथेच अडकू नका

फोटो गुगल लेन्समध्ये टाका आणि तो सगळ्यात जुना कुठे सापडतो ते बघा. तारीख आणि जागा मिळाली की बास. व्हिडिओ असेल तर स्क्रीनशॉट काढून तेच करायचं. जुना फोटो नवीन म्हणून फिरतोय का एवढं यातून कळतं, पुढचं काम डोक्याने करावं लागतं: फोटोत नक्की काय दिसतंय ते एकीकडे ठेवा आणि कॅप्शन काय सांगतंय ते दुसरीकडे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१७ चं. कॅनडाच्या आर्क्टिक भागात मरायला टेकलेलं एक पांढरं अस्वल कॅमेऱ्यात टिपलं गेलं, नॅशनल जिओग्राफिकने ते "हवामान बदल म्हणजे हे असं" अशा अर्थाच्या ओळीसकट टाकलं आणि जगभर कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. पुढच्या वर्षी त्यांनीच मान्य केलं की एवढं ठाम बोलायला नको होतं, कारण ते एक अस्वल उपाशी का होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हातारं असेल, आजारी असेल, जखमी असेल. आता याचा अर्थ बर्फ वितळल्याने अस्वलांचं काही बिघडत नाही असा काढणारेही लगेच आले. तसं नाहीये. एका अस्वलावरून ते सिद्ध होत नाही, एवढंच. सिद्ध करायला मोजणी लागते, जशी कॅनडातल्या वेस्टर्न हडसन बेमधल्या अस्वलांची होते: २०१६ ला तिथे अंदाजे ८४२ होती, २०२१ ला ६१८. हा आकडा फोटोसारखा रडवत नाही पण वजन त्यालाच जास्त.

प्रवाळांच्या फोटोंबाबत वेगळी काळजी घ्या. पांढरं पडलेलं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ नव्हे. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं, रंग बराचसा त्या शेवाळाचाच असतो म्हणून पांढरं दिसतं (यालाच ब्लीचिंग म्हणतात), त्या वेळी ते जिवंत असतं पण उपाशी असतं आणि पाणी लवकर निवलं तर सावरूही शकतं. खरंच मेलेलं प्रवाळ नंतर तपकिरी-हिरव्या शेवाळाने माखतं, पण तो फोटो दिसायला चांगला नसतो म्हणून कोणी शेअर करत नाही. २०२३ पासून सुरू झालेल्या जागतिक ब्लीचिंगमध्ये जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळ क्षेत्राला ब्लीचिंग होईल इतकी उष्णता सोसावी लागली हे खरं, पण "८० टक्के प्रवाळ मेले" असं कुठे वाचलंत तर ते चूक.

आकड्यासोबतचं क्रियापद बघा

आकडा मोठा दिसला की आपण पुढचं वाचतच नाही. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांनंतर "३ अब्ज प्राणी जळून मेले" हे सगळ्यांनी ऐकलंय. मूळ अंदाजात काय होतं, तर मेलेले किंवा घर सोडून पळावं लागलेले, दोन्ही मिळून जवळपास ३ अब्ज. त्यातले सुमारे २ अब्ज ४६ कोटी सरपटणारे होते, म्हणजे सरडे, पाली, साप वगैरे, पक्षी १८ कोटी, सस्तन प्राणी १४ कोटी ३० लाख आणि बेडूक ५ कोटी १० लाख. फॉरवर्डमध्ये मात्र कोआला. मी काही सरड्याचा जीव स्वस्त म्हणत नाहीये, उलट मला तर वाटतं की सरड्यांचा आकडा सांगून वर कोआलाचा फोटो लावणं हीच त्यांची थट्टा आहे.

दुसरा नेहमीचा आकडा म्हणजे "१९७० पासून जगातले ७३ टक्के प्राणी नष्ट झाले". हा डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेच्या २०२४ च्या लिव्हिंग प्लॅनेट रिपोर्टमधून येतो आणि तो रिपोर्ट असं म्हणतच नाही. त्यात साडेपाच हजारांच्या आसपास जातींचे, वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून जवळपास ३५ हजार समूह घेतलेत, १९७० ते २०२० मध्ये प्रत्येक समूह किती टक्के वाढला किंवा घटला ते काढलंय आणि त्या टक्क्यांची सरासरी घेतलीये. म्हणजे समजा एका बेटावर १० पक्षी होते त्यातला १ उरला, घट ९० टक्के. दुसरीकडे १००० होते त्यातले ९०० उरले, घट १० टक्के. साधी सरासरी काढली तर घट ५० टक्के, पण एकूण पक्षी १०१० वरून ९०१ झाले, म्हणजे जेमतेम ११ टक्के. खरं गणित याहून किचकट आहे पण मुद्दा हाच. शिवाय यात फक्त कणा असलेले प्राणी धरलेत, किडे नाहीत. आता कोणी म्हणेल मग हा आकडा फालतू आहे का, तर अजिबात नाही, छोटे छोटे समूह भराभर कोसळतायत हेच तो सांगतो आणि बेटावरचा शेवटचा पक्षी मेला तर तो दुसरीकडच्या ९०० मधून परत येत नाही. फक्त "१०० पैकी ७३ प्राणी मेले" असं वाचू नका.

तसंच "१० लाख जाती नामशेष होणार". आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१९ च्या अहवालात १० लाखांच्या आसपास जाती धोक्यात आहेत असं आहे, पण ही काही नावानिशी यादी नाहीये, अंदाज आहे आणि त्यात मोठा वाटा किड्यांचा आहे. आणि "१.५ अंशाची मर्यादा ओलांडली" ही बातमी: २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं हे जागतिक हवामान संघटनेनेच सांगितलंय, पण पॅरिस करारातली मर्यादा एका वर्षाची नसून अनेक वर्षांच्या सरासरीची आहे. ती अजून ओलांडलेली नाही, आपण त्या दिशेने निघालोय मात्र जोरात.

यासाठी सोपी युक्ती म्हणजे रिपोर्टचं नाव टाकून पुढे "एफएक्यू" असं सर्च करा. मोठ्या रिपोर्टवाल्यांना आपले आकडे कसे चुकीचे वाचले जातात हे चांगलं माहीत असतं, ते स्वतःच "याचा अर्थ असा नाही" म्हणून पान लिहून ठेवतात.

रेड लिस्ट उघडायला शिका

हे एकच शिकलात तरी बाकीचं अर्धं काम झालं. आययूसीएन या निसर्ग संवर्धन संघटनेची रेड लिस्ट, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे याची यादी, फुकट आहे, कोणालाही बघता येते, आणि तरी लोक फोटोवरून भांडतात. प्राण्याचं शास्त्रीय नाव विकिपीडियावरून घ्या आणि ते टाका, साधं नाव टाकलं तर भलत्याच जातीचं पान उघडू शकतं. पान उघडलं की वर एक शेरा दिसेल: चिंता नाही, संकटाच्या जवळ, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, जंगलातून नामशेष, नामशेष. सगळे तिथेच थांबतात. तुम्ही थांबू नका, खाली तीन गोष्टी बघा.

एक, हे मूल्यमापन कुठल्या साली केलंय. दहा वर्षं जुनं असेल तर मधे बरंच घडून गेलेलं असू शकतं. सायगा हरणाचं घ्या, ते वेड्यावाकड्या नाकाचं असतं ते. २०१५ मध्ये कझाकस्तानात तीनेक आठवड्यांत २ लाखांहून जास्त सायगा मेले, एरवी त्यांच्या शरीरात गुपचूप राहणारा जिवाणू विलक्षण उबदार आणि दमट हवेत उलटला, आणि "सायगा संपला" अशा बातम्या आल्या. तो फोटो, मैलोन्‌मैल पडलेली हरणं, अजून फिरतो. पण शिकार रोखल्यावर सायगा इतका जोरात परत आला की २०२३ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त वरून थेट संकटाच्या जवळ या वर्गात आणलं. दोन्ही गोष्टी खऱ्या, साल वेगळं.

दोन, जगाचा शेरा आणि एका जागेचा शेरा वेगळा असू शकतो. हिरव्या समुद्री कासवाला २०२५ मध्ये संकटग्रस्त मधून काढून चिंता नाही मध्ये टाकलं, अनेक दशकं किनारे आणि अंडी सांभाळल्याचं फळ. आणि त्याच कासवाबद्दल २०१८ च्या अभ्यासात दिसलं की ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या लहान कासवांपैकी ९९ टक्के माद्या आहेत, कारण पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं आणि साधारण २९ अंशांच्या वर माद्याच जास्त निघतात. मग खुशीची बातमी खरी की काळजीची? दोन्ही. आत्ता कासवं वाढलीयेत, आणि पुढच्या पिढ्यांना नर मिळायची पंचाईत होऊ शकते. ग्रुपवर मात्र एकच बाजू येते.

तीन, शेरा कधीकधी आजच्या संख्येवर नसतोच. पांढरी अस्वलं आज जगात २२ ते ३१ हजारांच्या दरम्यान असावीत असा अंदाज आहे, मग ती "असुरक्षित" कशी असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि काही जण तो मुद्दाम पाडतात. कारण असं की रेड लिस्टच्या निकषात पुढच्या तीन पिढ्यांत किती घट संभवते हेही धरतात, ३० टक्के घट होण्याची शक्यता दिसली तरी असुरक्षित. अस्वल बर्फावरून सील पकडतं, बर्फ नाही तर शिकार नाही, आणि बर्फ कुठे चाललाय ते उपग्रहावरून रोज दिसतंय. "पूर्वी ५ हजार होती आता २५ हजार झाली" या वाक्याचं उत्तरही इथेच आहे: जुना आकडा धड मोजणीवरचा नव्हता, आणि जिथे संख्या खरंच वाढली तिथे १९७३ च्या करारानंतर बेसुमार शिकार थांबली म्हणून वाढली. बंदूक खाली ठेवल्याने झालेली वाढ दाखवून बर्फ ठीक आहे असं सिद्ध होत नाही.

कारण कोण, हे ठरवायची घाई नको

रेड लिस्टच्या पानावर धोक्यांचा वेगळा भाग असतो, तो वाचा. हवामान बदल तिथे बऱ्याचदा असतो पण बऱ्याचदा एकटा नसतो. आयपीबीईएसच्या अहवालात जगभरातल्या निसर्गाच्या ऱ्हासाच्या कारणांचा जो क्रम लावलाय त्यात पहिलं जमिनीचा आणि समुद्राचा बदललेला वापर, दुसरं थेट शिकार-मासेमारी-तोड, हवामान बदल तिसरा, मग प्रदूषण आणि बाहेरून आलेल्या जाती. तिसरा आहे म्हणून सोडून द्यायचा नाही, कारण तो वरच्या दोन्हींना जोर देतो.

निव्वळ हवामान बदलाने गेलेला प्राणी दाखवायचा असेल तर ब्रॅम्बल के मेलोमिसचं नाव घेतात. ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीत एक चिमुकलं बेट, समुद्रापासून जेमतेम तीनेक मीटर उंच, त्यावरच राहणारा हा उंदीर. समुद्राचं पाणी वादळात वारंवार वर आलं, झाडोरा गेला, उंदीर शेवटचा २००९ ला दिसला, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. इथे दुसरा संशयित फारसा नाहीच.

आता कोस्टा रिकाचा सोनेरी भेक घ्या. १९८७ मध्ये मोंतेवेर्देच्या ढगांच्या जंगलात दीड हजाराच्या वर दिसले, १९८९ मध्ये एकच, त्यानंतर कधीच नाही. बरीच वर्षं याला हवामान बदलाचा पहिला बळी म्हणत. पुढे कळलं की कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभर बेडकांची वाट लावलीये, आणि मग वाद सुरू झाला की बुरशी, त्या वर्षीचा एल निनोचा कोरडेपणा, की तापमानवाढ, कोणाचा वाटा किती. तो वाद पूर्ण मिटलेला नाही. त्यामुळे "हवामान बदलाने मारलेला भेक" असं छातीठोक लिहिलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याने जुनं वाचलंय असं समजा.

आणि कधीकधी कारणाची साखळीच असते. उत्तर अटलांटिकमधला राइट व्हेल हा देवमासा, आता चारशेच्या आत उरलाय. हा मरतो जहाजाच्या धडकेने आणि मासेमारीच्या दोरांत अडकून. पण २०१० च्या आसपासपासून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या मेनच्या आखाताचं पाणी झपाट्याने तापलं, त्याचं खाणं असलेले तांदळाएवढे जीव तिथून कमी झाले, त्यांच्या मागे देवमासे कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात गेले, जिथे त्यांच्यासाठी जहाजांना वेगमर्यादा नव्हती आणि दोरांवरही बंधनं नव्हती. २०१७ या एकाच वर्षी १७ मेले. पोस्टमॉर्टेममध्ये "जहाज" लिहिलं जातं, तापमान लिहिलं जात नाही.

पवनचक्क्या, सोलर, धरणं: "ग्रीन" म्हणून एकाच पोत्यात भरू नका

हा सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग. फॉरवर्डमध्ये "रिन्यूएबल एनर्जी पक्षी मारते" असं असलं तर पहिला प्रश्न, कुठली?

पवनचक्की पक्षी मारते, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या २०१३ च्या अंदाजानुसार तिथे वर्षाला १.४ ते ३.३ लाखांच्या आसपास पक्षी पात्यांना आपटून मरत होते, त्यानंतर पवनचक्क्या वाढल्यात म्हणजे आकडाही वाढला असणार. त्याच सुमारास त्याच देशात मांजरांनी मारलेल्या पक्ष्यांचा अंदाज १.३ ते ४ अब्ज आणि इमारतींच्या काचांना आपटून मरणाऱ्यांचा ३६ ते ९९ कोटी. इथे पवनचक्कीवाले खूश होऊन "मग मांजरांवर बंदी आणा" म्हणतात आणि वाद जिंकल्यासारखं वाटतं. मला हे उत्तर पळवाटीचं वाटतं. मांजर चिमण्या मारतं, सोनेरी गरुड मारत नाही. गरुड, गिधाडं उशिरा वयात येतात, एखाददुसरं पिल्लू वाढवतात, त्यांच्यातले वर्षाला थोडेसे मोठे पक्षी जास्तीचे मेले तरी समूह खाली जातो. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट पासला १९८० च्या दशकात गरुडांच्या ऐन शिकारीच्या जागेत हजारो छोट्या, जवळजवळ उभ्या केलेल्या चक्क्या लावल्या आणि वर्षाला डझनांनी गरुड मेले, ते बदनाम उदाहरण आजही सगळीकडे फिरतं. म्हणून एकूण किती मेले हे विचारण्यापेक्षा कुठल्या जातीचे आणि ती जात तेवढं सोसू शकते का, हे विचारा.

वटवाघळांबद्दल तर कोणी फॉरवर्डच करत नाही, आणि खरी काळजी कदाचित तिथे जास्त आहे. उत्तर अमेरिकेत स्थलांतर करणारी वटवाघळं पवनचक्क्यांवर मोठ्या संख्येने मरतात, आणि बहुतेक वटवाघळांना वर्षाला एखाददुसरंच पिल्लू होतं. पण इथे उपाय भलताच सोपा निघाला: वटवाघळं कमी वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात, अशा वाऱ्यात वीजही फारशी बनत नाही, मग वारा सेकंदाला ५ मीटरच्या आसपास जाईपर्यंत पाती फिरूच द्यायची नाहीत. मरण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, वर्षाच्या विजेत फरक एखाद टक्क्याच्या आसपास.

पक्ष्यांसाठीही असंच जमतं. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफाजवळ माणसं नजर ठेवून बसतात, गिधाड चक्कीच्या दिशेने आलं की तेवढीच चक्की बंद करतात, त्याने गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि विजेचं उत्पादन घटलं ०.०७ टक्के. याच्या शेजारी दुसरा लाडका उपाय ठेवा, नॉर्वेच्या स्मोला बेटावरचा, एक पातं काळं रंगवा आणि पक्षी ७० टक्क्यांनी कमी मरतात. तो अभ्यास खराच आहे, पण काळं पातं होतं चार चक्क्यांवर. चार! आशादायक म्हणा, पण "साधा रंग लावला की प्रश्न सुटला" म्हणणाऱ्याला हा आकडा सांगा. उपायाच्या बातमीतही किती ठिकाणी आणि किती वर्षं हे बघायचंच, आपल्याला आवडणारी बातमी असली म्हणून सूट नाही.

समुद्रातल्या पवनचक्क्या आणि देवमासे हा वेगळाच तमाशा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक देवमासे मरून लागले की लगेच पवनचक्क्यांवर बिल फाडलं जातं. तारीख बघा: तिथे हंपबॅकचे मृत्यू वाढल्याची नोंद जानेवारी २०१६ पासूनची आहे, समुद्रातली मोठी बांधकामं त्यानंतर कित्येक वर्षांनी सुरू झाली, आणि ज्या माशांची तपासणी झाली त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाच्या धडकेच्या किंवा जाळ्या-दोरांच्या खुणा होत्या. बांधकामाचा आवाज निरुपद्रवी आहे असं मात्र नाही, समुद्रतळात खांब ठोकताना होणाऱ्या आवाजाने पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे समुद्री प्राणी) दूर पळतात हे युरोपात मोजलेलं आहे, म्हणून तिथे खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात.

सोलरमध्ये दोन प्रकार. साधी पॅनल, आणि आरशांनी ऊन एका मनोऱ्यावर एकवटणारे प्रकल्प. "सोलर पक्ष्यांना हवेत जाळतं" हे दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातल्या इव्हानपाह प्रकल्पाबद्दल, आणि ते खरं आहे. पॅनलचा प्रश्न वेगळा, ती जमीन व्यापतात, आणि वाळवंट रिकामं असतं हा आपला गैरसमज तिथल्या वाळवंटी कासवाला महागात पडतो.

विजेच्या तारा तर कोणाच्या लक्षातच येत नाहीत. माळढोक दीडशेच्या आसपास उरलाय, जड पक्षी, डोळे बाजूला, समोरचं नीट दिसत नाही, तो विजेच्या तारांना धडकून मरतो. सोलर आणि पवन प्रकल्पांमुळे त्याच्या प्रदेशात तारा वाढल्या हे खरं. पण तार कोळशाच्या विजेचीही असते, म्हणजे इथे प्रश्न तार कुठून न्यायची, जमिनीखालून की वरून, हा आहे.

आणि धरणं. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात जास्त नुकसान करून सगळ्यात कमी शिव्या खाणारी रिन्यूएबल म्हणजे जलविद्युत. यांगत्झे नदीतला चिनी पॅडलफिश, जगातल्या सगळ्यात मोठ्या गोड्या पाण्यातल्या माशांपैकी एक, त्याची अंडी घालायची वाट १९८१ मध्ये गेझौबा धरणाने अडली, अतिमासेमारी आधीपासून होतीच, शेवटचा २००३ मध्ये दिसला, २०२२ मध्ये नामशेष जाहीर. सुमात्रातला तापानुली ओरांगउटान २०१७ मध्ये वेगळी जात म्हणून ओळखला गेला, ८०० पेक्षा कमी आहेत, आणि त्यांच्याच जंगलात जलविद्युत प्रकल्प. याचे मीम बनत नाहीत कारण पाण्याखाली मेलेला मासा फोटोत येत नाही.

कशाच्या तुलनेत?

खाणींचा फॉरवर्ड आला, लिथियमसाठी खणलेला खड्डा वगैरे, तर विचारा की दुसऱ्या बाजूला काय आहे. जगात वर्षाला ८ अब्ज टनांहून जास्त कोळसा खणला जातो, आणि जाळला की संपला म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच लागतो. पॅनल किंवा बॅटरीतला धातू एकदा काढला की वर्षानुवर्षं चालतो आणि बराचसा परत काढता येतो. पण "कोळशापेक्षा बरं" म्हणून निकेलसाठी कापलेलं इंडोनेशियातलं जंगल परत उगवत नाही, तेव्हा तुलना झाली म्हणून प्रश्न संपला असंही नाही. तुलनेत काहीच न करण्याचाही रकाना हवा: आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे १.५ अंशाला उष्ण समुद्रातले प्रवाळ ७० ते ९० टक्के घटतात, २ अंशाला ९९ टक्क्यांहून जास्त. हे पवनचक्की न लावल्याने वाचलेल्या गरुडाच्या हिशोबात कोणी धरत नाही.

वीज आणि ऊर्जा यांची गल्लतही इथेच होते. २०२४ मध्ये जगातली ३२ टक्क्यांच्या आसपास वीज रिन्यूएबलची होती, पण आपण वापरतो त्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटाच साधारण पाचवा हिस्सा, बाकी गाड्या, कारखाने, गरम पाणी. आणि मेगावॉट वाचून हुरळू नका, १०० मेगावॉटचं सोलर वर्षभरात सरासरी १० ते २५ मेगावॉटइतकीच वीज देतं, रात्र असते ना.

ग्रुपवर किंवा प्रकल्पवाल्यांना विचारायचं असेल तर

ग्रुपवर उत्तर देताना लांबलचक लेख टाकू नका, कोणी वाचत नाही. प्राण्याचं नाव, रेड लिस्टची लिंक आणि एक प्रश्न, एवढंच. "हा फोटो कुठला आहे रे?" हे "तू खोटारडा आहेस" पेक्षा जास्त काम करतं. फोटो खरा असेल तर तसं आधी म्हणा आणि मग उरलेलं.

आणि तुमच्या भागात खरंच एखादा पवन किंवा सोलर प्रकल्प येत असेल तर विरोध की समर्थन हे ठरवण्याआधी कागदपत्रं मागा. पक्ष्यांची पाहणी कुठल्या महिन्यांत केली, त्यात स्थलांतराचा काळ आला का, वटवाघळांसाठी रात्रीची केली का, तारांचा मार्ग त्याच अहवालात आहे की वेगळ्या फाइलमध्ये, चक्क्या थांबवायची सोय करारात लिहिलीये का. चालू झाल्यावर मेलेले पक्षी कोण मोजणार, किती दिवसांनी एकदा, तेही विचारा, कारण कोल्हे-कुत्री-कावळे प्रेतं उचलून नेतात आणि गवतात छोटं वटवाघूळ माणसाला दिसत नाही, म्हणून नीट मोजणाऱ्या टीम आधी मुद्दाम प्रेतं ठेवून त्यातली किती सापडतात आणि किती गायब होतात ते तपासतात आणि त्या हिशोबाने आकडा वाढवून घेतात. "महिन्यातून एकदा फेरी मारली, दोनच पक्षी सापडले" असं उत्तर मिळालं तर ही दुरुस्ती केली का ते लेखी मागा.